दुसरे अंडे

हाडांच्या दवाखान्यातून परतताना आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेला कागद आईने रिक्षात बसल्याबसल्याच उलगडला आणि चष्मा नीट बसवून ओळ न् ओळ वाचला. मार्च महिन्यात न्हाणीच्या उंबऱ्याशी पाय घसरून ती पडली होती. उजव्या मनगटाचे हाड मोडले होते, आणि दीड महिन्याने प्लास्टर काढले तेव्हा तो हात इतका बारीक झालेला दिसला की बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. कागदावर दूध, डाळ, मोड आलेली कडधान्ये असे नेहमीचेच लिहिले होते. एक ओळ मात्र तिला अडली: 'सकाळी नाश्त्याला २ उकडलेली अंडी.' ती ओळ तिने पुन्हा वाचली आणि मला विचारले, "एक माझं, आणि दुसरं कुणाचं?"

तिचा प्रश्न अगदी मनापासूनचा होता. ७१ वर्षांच्या आयुष्यात तिच्या ताटलीत एका वेळी दोन अंडी कधी आलेलीच नव्हती, त्यामुळे दोन हा आकडा एका माणसाचा असू शकतो हे तिच्या मनात उमटले नाही. तेव्हापासून गेले सहा महिने आमच्या स्वयंपाकघरात रोज सकाळी हा विषय निघतो. नाश्त्याला अंडी किती खावीत याची उत्तरे मी या काळात पुष्कळ वाचली, डॉक्टरांना विचारली, आणि त्यांतली बरीचशी मला पटलीही. पण ही सगळी उत्तरे एका खाणाऱ्या माणसाला गृहीत धरून सुरू होतात. आमच्या घरात, आणि माझ्या ओळखीच्या बहुतेक घरांत, अंड्यांचा आकडा ठरत आला तो आधी घरातल्या माणसांकडे पाहून, आणि मग उरलेल्यातून आईचा.

आईचे माहेर, म्हणजे माझे आजोळ, माण तालुक्यातले. पाऊस बेताचा, शेती जिराईत, ज्वारी-बाजरी पिकली तर वर्ष निघायचे. आजीकडे दहा-बारा गावरान कोंबड्या असत. रात्री त्या खुराड्यात कोंडल्या जात, आणि दिवसा पिलांची कोंबडी डालग्याखाली झाकलेली असे. गावरान कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी देते, आणि तीही सलग देत नाही. दहा-पंधरा दिवस अंडी घालायची आणि मग खुडूक होऊन बसायचे, असा तिचा क्रम असतो. आजी ती अंडी ज्वारी भरलेल्या गाडग्यात खोवून ठेवी आणि आठवडी बाजाराच्या दिवशी टोपलीत भुसा घालून विकायला नेई. धान्याचा, बैलांचा, उसनवारीचा हिशेब आजोबांकडे होता. अंड्यांचा पैसा मात्र आजीचा. चहा-साखर, बांगड्या, मुलींच्या वह्या आणि एखाद्या लेकीच्या बाळंतपणाची तयारी त्या पैशातून होई. "अंडं म्हंजी रोकडा," असे ती म्हणायची, आणि रोकडा कुणी सकाळी उठून भाकरीबरोबर खात नाही.

शिवाय एखादी कोंबडी खुडूक झाली की तिच्याखाली ठेवायला अकरा नाहीतर तेरा अंडी लागत. एकवीस दिवसांनी त्यांतून जी पिले निघतील त्यांच्यावर पुढच्या वर्षाचा बाजार अवलंबून असे. खाल्लेले प्रत्येक अंडे म्हणजे न निघालेले एक पिलू, हे आजीला कुणी शिकवावे लागले नव्हते. म्हणून त्या घरात अंडे खाण्याचा हक्क फक्त तिघांना होता: बाळंतिणीला, तापातून उठलेल्या पोराला आणि तालमीत जाणाऱ्या थोरल्या मामाला. सहा महिन्यांपूर्वी, त्या कागदाच्या निमित्ताने, मी आईला विचारले की सबंध एक अंडे तिने पहिल्यांदा कधी खाल्ले. ती बराच वेळ आठवत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या वेळेला." म्हणजे माझ्या जन्मानंतर, माहेरी बाळंतिणीच्या खाटेवर, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी.

माझे वडील एस.टी.त वाहक होते. साताऱ्यात दोन खोल्यांच्या घरात आम्ही चौघे राहत होतो, आणि रविवारी सकाळी आण्णा बाजारातून कागदाच्या पुड्यात तीन अंडी आणत. आई ती उकडून सोलत असे. आण्णांना एक, माझ्या धाकट्या भावाला एक आणि तिसऱ्याचे दोन भाग. सुरीने कापले की बलक सुरीला चिकटून चुरा होतो, म्हणून आई शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा घेई. सोललेल्या अंड्याच्या पोटाभोवती तो एकदा गुंडाळायचा, दोन्ही टोके उलट दिशांना ओढायची, की अंडे अगदी आरशासारखे दुभंगते. एक भाग माझा, दुसरा आईचा. आईच्या अर्ध्या भागातला बलक बहुतेक वेळा तिच्या बोटांनी अलगद निघून भावाच्या ताटलीत जायचा, कारण त्याला तो आवडायचा. तिच्या वाट्याला पांढऱ्या वाटीसारखा एक तुकडा उरे. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची होते आणि मला त्यात काही वावगे वाटले नाही. खरे सांगायचे तर माझा अर्धा भाग भावाच्या सबंध अंड्यापेक्षा लहान आहे, एवढेच मला दिसत होते. आईचा भाग माझ्याहून लहान आहे, हे मला दिसायला फार वर्षे लागली.

पुढे अंडी स्वस्त आणि मुबलक झाली. पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीजचे डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने १९८२ साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली, विखुरलेले पोल्ट्रीवाले संघटित झाले आणि अंड्याचा दर रोज जाहीर होऊ लागला. रविवार असो की सोमवार, अंडी रोज खा, असे सांगणारी जाहिरात दूरदर्शनवर लागायची आणि आम्ही मुले ती तोंडपाठ म्हणायचो. गावरान कोंबडीच्या साठ-सत्तर अंड्यांच्या जागी वर्षाला ३०० हून जास्त अंडी देणारी लेगहॉर्न जातीची पांढरी कोंबडी आली, तेव्हा अंड्यावरचा आजीचा रोकडा संपला आणि शहरातल्या ताटलीत अंड्यांची संख्या वाढली. आमच्याकडे रविवारच्या तीनांची सहा झाली. आईचे मात्र अर्धेच राहिले. आकडा वाढला की वाटणी आपोआप बदलते, असे घडत नाही.

१९९३ साली आण्णांना हृदयविकाराचा झटका आला. ते त्यातून वाचले, पण घरातल्या अंड्यांवर मोठी बंदी आली. ज्या डॉक्टरांकडे ते जात होते त्यांनी बलक पूर्ण बंद आणि पांढरे चालेल, असे सांगितले. त्या काळात जवळपास सगळेच डॉक्टर तसे सांगत, आणि त्यांचा त्यात दोष नव्हता. अमेरिकन हार्ट असोसिएशनने १९६८ साली दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा कमी कोलेस्टेरॉल खावे आणि आठवड्याला तीनपेक्षा जास्त बलक खाऊ नयेत, असा सल्ला दिला होता. एका अंड्याच्या बलकात १८० ते २०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते, म्हणजे दोन अंड्यांत ती दिवसाची मर्यादा ओलांडली जाते. तो सल्ला जगभर पोचला, आणि अंड्याचे नाव निघाले की लोक छातीवर हात ठेवू लागले.

या भीतीचे मूळ आणखी मागे, १९१३ सालच्या सेंट पीटर्सबर्गमध्ये आहे. तिथे निकोलाय अनिचकोव्ह या तरुण संशोधकाने सशांना सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेले शुद्ध कोलेस्टेरॉल खाऊ घातले आणि त्यांच्या धमन्यांत चरबीचे थर साचलेले पाहिले. रक्तातल्या कोलेस्टेरॉलचा धमन्यांच्या आजाराशी संबंध आहे, हे त्या प्रयोगाने दाखवले आणि ते आजही खरे मानले जाते. पण ससा हा पालापाचोळा खाणारा प्राणी, त्याच्या नैसर्गिक आहारात कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतेच, आणि म्हणून ते आल्यावर त्याच्या शरीराला ते आवरता येत नाही. माणसाचे यकृत रोज स्वतःच कोलेस्टेरॉल तयार करते, आणि अन्नातून जास्त आले तर बहुतेकांच्या शरीरात ही निर्मिती काही प्रमाणात कमी होते. खाल्लेले कोलेस्टेरॉल आणि रक्तातले कोलेस्टेरॉल यांचा संबंध आहे, पण तो बहुतेक माणसांत क्षीण आहे. रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढवण्यात तूप-लोण्यातल्यासारख्या संपृक्त चरबीचा आणि ट्रान्स फॅटचा वाटा त्याहून मोठा आहे.

हे वाचले तेव्हा मला आमचे १९९३ नंतरचे स्वयंपाकघर आठवले आणि वाईट वाटले. आण्णांच्या अंड्यांतला बलक आई कटाक्षाने काढून टाकत होती, आणि ते पांढरे कढईत परतण्यासाठी त्याच कढईत चमचाभर वनस्पती तूप सोडत होती. वनस्पती तुपाबद्दल आम्हाला कुणीच काही सांगितले नव्हते. तेलाला घट्टपणा आणण्याच्या त्या प्रक्रियेत ट्रान्स फॅट तयार होते, आणि भारतात त्यावर दोन टक्क्यांची मर्यादा जानेवारी २०२२ पासून लागू झाली, तोवर आण्णा या जगात राहिले नव्हते. त्यांची तंबाखूही शेवटची दोन वर्षे सोडली तर चालूच होती. ज्या पिवळ्या गोळ्याला आम्ही घरातला शत्रू मानले, त्याच्यापेक्षा जास्त नुकसान करणाऱ्या दोन गोष्टी त्याच ओट्यावर आणि त्याच खिशात होत्या.

मग ते काढलेले बलक कुठे जात? टाकून देणे आईला शक्यच नव्हते. भाऊ तेव्हा पोलीस भरतीच्या तयारीला लागला होता, पहाटे मैदानावर धावायला जायचा, आणि सगळे बलक त्याच्याकडे जात. त्यावर तो आणखी तीन-चार कच्ची अंडी दुधात फोडून एका दमात पीत असे, कारण तालमीतल्या मुलांनी त्याला सांगितले होते की शिजवले की अंड्याचा जोर जातो. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. बेल्जियममधल्या संशोधकांनी १९९८ साली मोजून पाहिले, तेव्हा शिजवलेल्या अंड्यातली सुमारे ९१ टक्के प्रथिने शरीरात पचली आणि कच्च्या अंड्यातली जेमतेम ५१ टक्के. कच्च्या पांढऱ्यात असलेले ॲव्हिडिन नावाचे प्रथिन बायोटिन या जीवनसत्त्वाला बांधून ठेवते, आणि साल्मोनेला जंतूंचा धोका असतो तो वेगळाच. भावाने ज्या चार अंड्यांसाठी आईकडून पैसे घेतले, त्यांतली जवळजवळ दोन अंडी त्याच्या अंगी लागलीच नाहीत. तीच दोन अंडी उकडून आईने खाल्ली असती तर, असा विचार आता माझ्या मनात येतो. तेव्हा तो कुणाच्याच मनात आला नाही, आईच्याही नाही.

आकड्यांबद्दल वाचताना मला सर्वांत जास्त गुंतवून ठेवले ते एका म्हाताऱ्या गृहस्थाने. १९९१ साली डेन्व्हरचे डॉ. फ्रेड कर्न यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका ८८ वर्षांच्या माणसाची हकीकत लिहिली. हे आजोबा वृद्धनिवासात राहत, त्यांच्याकडे रोज सुमारे दोन डझन अर्धवट उकडलेली अंडी येत, आणि ते ती दिवसभरात सगळी खात. हे त्यांनी निदान पंधरा वर्षे केले होते. त्यांच्या रक्तातले कोलेस्टेरॉल मात्र सामान्य होते. तपासणीत असे आढळले की त्यांचे आतडे खाल्लेल्या कोलेस्टेरॉलचा फारच थोडा भाग शोषून घेत होते आणि यकृत उरलेल्याचे पित्ताम्लांत रूपांतर करून ते बाहेर काढत होते. त्यांची ही सवय मानसिक अगतिकतेतून आली होती, त्यात त्यांना सुख नव्हते, आणि त्यांचे उदाहरण कुणी गिरवावे असे डॉक्टरांनीही म्हटले नाही. पण शरीर म्हणजे भांडे नव्हे, हे मला त्यांच्यामुळे समजले. भांड्यात जेवढे ओतावे तेवढे साचते. शरीर निवडते, नाकारते, आपली निर्मिती कमी-जास्त करते, आणि प्रत्येकाचे शरीर हे आपल्या पद्धतीने करते. काही लोकांचे रक्त बलकाला जास्त तीव्रतेने प्रतिसाद देते, आणि ते फक्त तपासणीतच कळते.

त्यानंतर मोठ्या अभ्यासांचे निष्कर्ष एका बाजूला पूर्ण झुकलेले नाहीत, हे मान्य केले पाहिजे. १९९९ साली अमेरिकेतल्या परिचारिका आणि पुरुष आरोग्य-व्यावसायिक यांच्या दीर्घ अभ्यासात निरोगी माणसांना दिवसाला एका अंड्यापर्यंत धोका वाढलेला दिसला नाही, पण मधुमेह असलेल्यांमध्ये तो दिसला. २०१५ ते २०२० या काळासाठीच्या अमेरिकी आहार मार्गदर्शिकेतून ३०० मिलिग्रॅमची मर्यादा वगळली गेली. २०१९ साली २९,६१५ लोकांच्या माहितीवरून दिवसाला प्रत्येक वाढीव अर्ध्या अंड्यामागे हृदयरोगाचा धोका सुमारे सहा टक्क्यांनी वाढलेला आढळला, आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या मोठ्या विश्लेषणाने दिवसाला एका अंड्यापर्यंत असा धोका दिसत नाही असे म्हटले. या सगळ्या अभ्यासांत लोकांनी काय खाल्ले ते त्यांच्याच सांगण्यावरून नोंदवले जाते, आणि अंड्याबरोबर ताटलीत लोणी होते, खारवलेले मांस होते की भाकरी आणि मेथी होती, हे पूर्णपणे वेगळे काढता येत नाही. मला स्वतःला यातून एवढेच घेता आले की निरोगी मोठ्या माणसाने रोज एक सबंध अंडे, बलकासकट, निर्धास्त खावे. मी तेच खाते. भावाला आता मधुमेह आहे, त्याच्या डॉक्टरांनी त्याचे रक्त तपासून आठवड्याला चार सांगितली आहेत, आणि तो तेवढीच खातो. चार कच्ची अंडी पिणाऱ्या त्या मुलाला हे पचायला जड गेले, पण तो मानतो.

बलक काढून टाकण्याची पद्धत मात्र मला आता अजिबात पटत नाही, विशेषतः अशक्त माणसासाठी. एका मोठ्या अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात, आणि त्यांतली चाळीस टक्क्यांहून अधिक बलकात असतात. ड जीवनसत्त्व, अ जीवनसत्त्व, बी-१२, मेंदूला आणि मज्जातंतूंना लागणारे कोलिन, डोळ्यांसाठी उपयोगी असणारे ल्युटिन, हे जवळजवळ सगळे त्या पिवळ्यातच असते. कोंबडी ते पिवळे एका पिलासाठी तयार करते. एकवीस दिवसांत रक्त, हाड, पिसे, डोळे आणि काळीज घडवायला जे जे लागते ते सगळे तिने त्यात भरलेले असते. आईच्या अर्ध्या भागातून वर्षानुवर्षे तेवढेच काढून दुसऱ्याला दिले जात होते.

आता आईचा हिशेब. तिचे वजन ४६ किलो आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे तिला ३८ ग्रॅम. वयस्क माणसांच्या पोषणावर काम करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०१३ साली साठी-पासष्टीनंतर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सुचवले, कारण वय वाढले की स्नायू प्रथिनांना पूर्वीसारखे चटकन प्रतिसाद देत नाहीत. त्या मापाने तिला ४६ ते ५५ ग्रॅम हवीत, आणि ती एकाच जेवणात न घेता दिवसभरात वाटून, निदान एका-दोन जेवणांत पंचवीस ग्रॅमच्या आसपास. ती प्रत्यक्षात काय खात होती ते मी आठवडाभर लिहून ठेवले. सकाळी चहा आणि दोन बटर. दुपारी एक भाकरी, पातळ आमटी, पालेभाजी. रात्री पुन्हा भाकरी किंवा मऊ भात, ताक. बेरीज तीस ग्रॅमच्या वर कधी गेली नाही. पडल्यावर तिचे हाड मोडले हे आम्हाला दिसले, पण त्याआधी कित्येक वर्षे तिच्या मांड्यांतली आणि दंडांतली शक्ती थोडी थोडी जात होती, ती जाताना कुणाला आवाज आला नाही.

चहा-बटरच्या जागी दोन उकडलेली अंडी, ज्वारीची एक छोटी भाकरी आणि पेलाभर दूध ठेवले की बारा, पाच आणि साडेसहा मिळून चोवीस ग्रॅमच्या आसपास सकाळीच होतात. दुसरे अंडे काढले तर तो आकडा अठरावर येतो. म्हणून आहारतज्ज्ञ बाईंनी दोन लिहिले होते. मी हृदयाच्या डॉक्टरांनाही विचारले. तिचे कोलेस्टेरॉल तपासले, ते ठीक निघाले, आणि दोन चालतील असे ते म्हणाले. नंतर मला समजले की ज्या अमेरिकन हार्ट असोसिएशनने १९६८ साली आठवड्याला तीन बलकांची मर्यादा सांगितली होती, तिच्याच वैज्ञानिक सल्लापत्रकाने २०१९ च्या अखेरीस म्हटले की कोलेस्टेरॉल सामान्य असलेल्या वयस्क व्यक्तींना, एकूण आहार चांगला असेल तर, दिवसाला दोन अंड्यांपर्यंत हरकत नाही. ते वाचले त्या संध्याकाळी मी आण्णांच्या फोटोसमोर थोडा वेळ बसून राहिले.

आईला मात्र यातले काहीच पटेना. पहिले दोन आठवडे ती एक अंडे खाई आणि दुसरे झाकून ठेवी. दुपारी ते कामाला येणाऱ्या मावशींच्या डब्यात गेलेले असे, किंवा माझ्या डब्यात. "मला कशाला दोन? एक बास होतंय," एवढेच तिचे म्हणणे. कधी म्हणे, सात रुपयांना एक, म्हणजे रोजचे चौदा रुपये एकट्या माझ्यावर. घरात पैशाची अडचण नाही हे तिला माहीत आहे. पण अंडे म्हणजे रोकडा हे तिच्या आईचे गणित तिच्या हातांत राहिले आहे, आणि त्या गणितात तिच्या स्वतःच्या नावाचे खाते कधी उघडलेलेच नव्हते. मी एकदा चिडले. ती गप्प राहिली, आणि दुसऱ्या दिवशी तिने दोन्ही अंडी माझ्यासमोर खाल्ली, पण औषध घेतल्यासारखी. तसे खाल्लेले मला नको होते. त्यानंतर मी तिला बोलायचे थांबवले आणि फक्त रोज सकाळी दोन अंडी उकडून तिच्यापुढे ठेवत राहिले.

हे वाटून टाकणे किती लवकर शिकले जाते ते मी माझ्या शाळेत पाहिले आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे, आणि जी मुले अंडे खात नाहीत त्यांना केळे, देण्याचा निर्णय घेतला. आमच्या शाळेत पहिल्यांदा अंडी आली त्या दिवशी पटावरच्या मुलांइतकीच अंडी मोठ्या पातेल्यात उकडली होती. तिसरीतल्या एका मुलीने आपले अंडे सोललेच नाही. ते तिने ओढणीच्या टोकात बांधले. मी विचारले तेव्हा म्हणाली, "बाई, घरी नेते, भाऊ लहान हाय." वय वर्षे आठ. मी तिला जवळ बसवले, अंडे सोलून दिले आणि ते तिने सबंध खाईपर्यंत उठले नाही. पुढच्या आठवड्यापासून मी घरून दोन जास्तीची उकडून नेऊ लागले, म्हणजे कुणाला घरी न्यायचे असेल तर स्वतःचे खाऊन झाल्यावर नेता यावे. जानेवारी २०२५ मध्ये या अंड्यांसाठीचा निधी थांबला आणि लोकसहभागातून जमेल तिथे चालवा असे सांगण्यात आले. आमच्या वाडीवर लोकसहभाग म्हणजे कुणाकडे मागायचे? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने माणशी वर्षाला १८० अंडी असावीत असे म्हटलेले आहे, म्हणजे दर दोन दिवसांना एक. देशात २०२३-२४ साली माणशी १०३ अंडी उपलब्ध होती. सरासरीत सगळेच धरले जातात, पण त्या मुलीची वर्षाची अंडी मी माझ्या बोटांवर मोजू शकते. अंडे घरात आले तरी ते तिच्यापर्यंत पोचेल की नाही, हे सरासरी सांगत नाही. शाळेत मात्र ते ज्याच्या त्याच्या ताटात पडायचे, आणि म्हणून ते बंद झाल्याचे मला फार दुःख आहे.

आईचे वारही आहेत. सोमवार, गुरुवार आणि संकष्टीला ती अंडे शिवत नाही, श्रावण आणि नवरात्र पूर्ण पाळते. आहारतज्ज्ञ बाईंच्या कागदावर वार नव्हते. मी त्यावर वाद घातला नाही आणि घालणारही नाही. हे तिचे स्वतःचे आहे, आणि तिच्या आयुष्यात स्वतःचे असे फार थोडे आहे. त्या दिवशी मुगाचे धिरडे, दही, भाजलेले शेंगदाणे किंवा राजगिऱ्याची लापशी दुधात, अशी सोय करते. या वर्षी श्रावण जुलैच्या अखेरीस लागला तेव्हा मला वाटले होते की महिनाभराच्या खंडानंतर दोनाची सवय मोडेल आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. पण भाद्रपदात गणपती आणि गौरी उठल्यावर, एका मंगळवारी, तिने स्वतःच पातेल्यात अंडी ठेवली. मी मोजली. तीन होती: एक माझे, दोन तिची. मी काहीच बोलले नाही.

हाताची पकड आता बरीच सुधारली आहे. मे महिन्यात तिला कणीक मळता येत नव्हती, दिवाळीत तिने चकलीचा सोऱ्या फिरवला. सगळे श्रेय अंड्यांना देणे बरोबर होणार नाही. ती रोज चेंडू दाबण्याचा व्यायाम करते, सकाळी उन्हात बसते, गोळ्या घेते. पण पूर्वी जिना चढताना तिसऱ्या पायरीवर थांबणारी आई आता एका दमात वर येते, आणि वर आल्यावर पहिल्यांदा भूक लागल्याचे सांगते. भूक लागली असे आईने म्हटल्याचे मला लहानपणापासून आठवत नाही.

परवाच्या रविवारी भाऊ, वहिनी आणि पुतण्या आले होते. आईने अंडी उकडली, थंड पाण्यात टाकली आणि सगळी स्वतः सोलली. भावाला एक, कारण त्याचा आठवड्याचा हिशेब तिला पाठ आहे. वहिनीला एक, मला एक. पुतण्याला दोन, कारण तो आता बारावीत आहे आणि त्याची उंची वाढते आहे. स्वतःच्या ताटलीत तिने दोन घेतली. पहिले खाऊन झाल्यावर ती उठली, शिवणाचा डबा घेऊन आली, त्यातून हातभर पांढरा दोरा काढला आणि दुसऱ्या अंड्याच्या पोटाभोवती गुंडाळून दोन्ही टोके ओढली. दोन सारखे भाग ताटलीत उघडे पडले, मधोमध पिवळे. एक भाग हातात घेऊन तिने सगळ्यांच्या ताटल्यांवरून नजर फिरवली. प्रत्येकाच्या ताटलीत त्याचे त्याचे होते. ती क्षणभर थांबली, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मीठ दे गं इकडं."